साह्य करणाऱ्याने कोठवर जावे?

आपल्या खेडेगावच्या मंडळ्यांत पैशाचा प्रश्न निघाला म्हणजे तो बहुधा घेणाऱ्याच्या बाजूने निघतो. मंडळीने परक्याच्या दानावर किती दिवस राहावे, आपल्या पाळकाचे पोषण आपण केव्हा करू लागावे, मंदिराच्या गळक्या छपराकरिता कोणास पत्र लिहावे, असे आपण विचारतो. हे प्रश्न योग्यच आहेत. परंतु ह्या गोष्टीला दुसरी एक बाजू आहे, व तिचा विचार आपल्यांत फारसा होत नाही. जो साह्य पाठवितो त्याचे कर्तव्य कोठे संपते? द्रव्य दिले म्हणजे तो मोकळा झाला काय? माणूस पाठविला म्हणजे मोकळा झाला काय? आणि ज्यांस साह्य केले त्यांच्यावर जिवाचे संकट आले, तर त्याने आपल्या घरी परत जावे, की त्यांच्याबरोबर राहावे? नुसत्या तर्काने ह्याचा निकाल लागणार नाही, म्हणून एक घडलेली हकीकत वाचकांपुढे ठेवून तिच्या आधाराने आम्ही विचार करणार आहो.

ही हकीकत आमच्या पंथाची नाही. ती रोमन कॅथलिक मंडळीची आहे. धर्मगुरूचा अधिकार, संतांची विनवणी व मृतांच्या अवशेषांचा मान ह्या बाबतींत त्यांचा व आमचा मतभेद आहे, तो आम्ही झाकून ठेवीत नाही. तरी शेजारी कोण हे शिकविताना प्रभूने चांगला शेजारी म्हणून याजकाचा किंवा लेव्याचा दाखला दिला नाही. ज्याची उपासना यहूदी लोक चुकीची मानीत त्या शोमरोन्याचा दिला (लूक १०). धन्याने ज्या दारातून धडा आणिला त्या दारास चाकराने कडी घालू नये.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ओक्लाहोमा नावाचे एक संस्थान आहे. गहू पिकविणारा व गुरे पाळणारा हा मुलूख. तेथे प्रॉटेस्टंट लोक पुष्कळ, रोमन कॅथलिक थोडे. म्हणून तेथील बिशपाचा धर्मप्रांत त्या पंथातील मोठ्या धर्मप्रांतांत कधी गणला जात नसे. १९६१ च्या सुमारास पोप तेविसावे योहान ह्यांच्या वतीने उत्तर अमेरिकेच्या मंडळीस अशी विनंती करण्यात आली की, दक्षिणेकडील गरीब देशांत पाळकांची फार उणीव आहे, तरी तुम्ही आपल्यांतील माणसे तिकडे पाठवा. ह्या हाकेस ओक्लाहोमाच्या मंडळीने ओ दिली, आणि १९६४ साली मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात सांतियागो आतित्लान ह्या गावी आपले मिशन घातले.

हे गाव ज्वालामुखी डोंगरांच्या पायथ्याशी एका मोठ्या सरोवराच्या काठी वसलेले आहे. तेथील लोक माया वंशातील त्झुतुहिल नावाच्या जमातीचे. त्यांची भाषा त्झुतुहिल; राज्यकर्त्यांची भाषा स्पॅनिश. गावचे मंदिर सोळाव्या शतकातले, दगडी व भव्य. पण १९६४ पूर्वी कित्येक वर्षे त्यात कायम राहणारा पाळक नव्हता. लोक मका पिकवीत व मक्याच्याच भाकऱ्या खात. डोंगराळ मुलखातील जमीन पोटास पुरेशी नसल्यामुळे तेथील माया लोकांस हंगामात समुद्राकडील मोठ्या मळ्यांवर कॉफी, कापूस व ऊस ह्यांच्या कामास जावे लागे. दसरा झाला म्हणजे बिऱ्हाड गाडीत घालून ऊसतोडीस जाणारी कुटुंबे ज्यांच्या मंडळीत आहेत, त्या वाचकांस ह्या लोकांची स्थिती निराळी समजावून सांगावयास नको.

ओक्लाहोमाच्या लोकांनी तेथे काय दिले? प्रथम द्रव्य दिले. त्यातून दवाखाना झाला, शेतकऱ्यांची सहकारी मंडळी उभी राहिली, रेडिओवरून शिक्षण देण्याचे काम चालले. दुसरे, त्यांनी माणसे दिली. आरंभी दहाबारा जणांची एक तुकडीच तेथे काम करीत होती. त्यांत धर्मगुरू होते, भगिनी होत्या व साधे गृहस्थही होते. १९६८ साली ह्या तुकडीत स्टॅन्ली फ्रान्सिस रॉदर नावाचा तेहतीस वर्षांचा एक धर्मगुरू येऊन मिळाला.

हा मनुष्य ओकार्ची नावाच्या लहान गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. विद्येत त्याची चमक नव्हती. धर्मशिक्षणाच्या पाठशाळेत लॅटिन भाषा त्यास जमेना, म्हणून त्यास घरी परत पाठविण्यात आले होते. पुढे दुसऱ्या पाठशाळेत शिकून १९६३ साली त्यास दीक्षा मिळाली. परंतु लॅटिनमध्ये नापास झालेला हा माणूस आतित्लानात आल्यावर स्पॅनिश शिकला, आणि पुढे त्झुतुहिलही इतकी शिकला की, त्याच भाषेत तो उपासना चालवू व उपदेश करू लागला. ह्या भाषेला लेखनपद्धती बसविणे व नवा करार तीत उतरविणे हे काम त्या मिशनने हाती घेतले होते, त्यातही त्याचा हात लागला. तो ट्रॅक्टर चालवी, बिघडलेली यंत्रे दुरुस्त करी, आणि लोकांच्या झोपडीत बसून त्यांच्यासारखेच जेवी. त्याच्या पहिल्या नावास त्यांच्या भाषेत जोड नव्हती, म्हणून फ्रान्सिस ह्या दुसऱ्या नावाचे त्यांच्या जिभेवरचे रूप घेऊन लोक त्यास ‘आप्लास’ म्हणू लागले.

येथे थोडे थांबून एक गोष्ट लक्षात घेऊ. द्रव्य दुरून पाठविता येते. भाषा दुरून शिकता येत नाही. ज्याची भाषा कोणी शिकत नाही त्याच्या हाती दान पडते. पण आपले बोलणे कोणी ऐकून घेण्यासारखे आहे, असे त्यास वाटत नाही. आपल्या मराठी मंडळीस हे ठाऊक असले पाहिजे. १८११ साली श्रीरामपुरास मराठी नवा करार छापला गेला, त्या वेळी मराठी प्रॉटेस्टंट मंडळी म्हणावी अशी एकही नव्हती. मंदिरे व शाळा मागाहून आल्या. शब्द आधी आला, आणि तो आपल्या आईच्या भाषेत आला, म्हणून आज आपण देवाशी परक्यासारखे बोलत नाही.

आतित्लानच्या मिशनात मात्र वर्षे गेली तशी तुकडीतील माणसे एकेक करून स्वदेशी परत गेली, आणि १९७५ च्या सुमारास ओक्लाहोमाचा असा रॉदर एकटाच मुख्यत्वे तेथे उरला. परत जाणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. ठरलेली मुदत भरली, घरी आईबाप वृद्ध झाले, प्रकृती खालावली, अशी कारणे सर्वांसच असतात. पण एवढे खरे की, परदेशातून आलेल्या साह्यकर्त्यास परतीची वाट नेहमी मोकळी असते. ज्यांच्याकरिता तो आला त्यांस ती नसते. आमच्या मते ह्या साऱ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे.

ग्वाटेमालात १९६० पासून सरकार व बंडखोर ह्यांच्यामध्ये यादवी चालली होती. ती १९९६ साली तहाने मिटली. संयुक्त राष्ट्रांच्या साह्याने नेमलेल्या चौकशी मंडळाने १९९९ साली असा निवाडा दिला की, ह्या काळात दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा नाहीशी झाली. ज्या मृतांची ओळख पटली त्यांतील शेकडा ८३ माया लोक होते. आणि नोंदलेल्या अत्याचारांपैकी शेकडा ९३ सरकारी सैन्याच्या व त्याच्या हस्तकांच्या माथी होते. १९८० साली सैन्याने आतित्लानजवळ तळ दिला. त्यानंतर गावातून माणसे नाहीशी होऊ लागली.

सैन्याची नजर प्रथम कोणावर गेली? वाचकहो, ती उपदेशकांवर गेली. गावात ज्यास वाचता येते, जो चार माणसे एकत्र बसवितो, गरिबाचे गाऱ्हाणे लिहून देतो, मजुरी बुडाली तर विचारपूस करतो, तो मनुष्य जुलमी सत्तेस बंडखोराहून वेगळा दिसत नाही. मिशनच्या रेडिओ केंद्राचा चालक ऑक्टोबर १९८० मध्ये नाहीसा झाला. जानेवारी १९८१ च्या आरंभी, ज्याच्यावर पाळत होती असा एक उपदेशक रात्री आश्रयास येत असता, धर्मगुरूच्या निवासाच्या दाराशीच शस्त्रधाऱ्यांनी त्यास पकडून नेले. रॉदर धावत आला, पण त्याच्या हाती काही लागले नाही. त्या माणसाच्या किंकाळ्या ऐकत त्यास उभे राहावे लागले. मारल्या गेलेल्यांच्या विधवांस व मुलांस तो धान्य व पैसे पुरवी. सैन्याच्या दृष्टीने हाही गुन्हाच होता.

त्याच महिन्यात त्यास कळविण्यात आले की, मारावयाच्या माणसांच्या यादीत त्याचे नाव आहे. त्याचा सहकारी, जो त्या देशाचाच माया धर्मगुरू होता, त्याचेही नाव आहे. तेव्हा दोघेही देश सोडून निघाले व ओक्लाहोमास पोहोचले. रॉदर तीन महिने आपल्या माणसांत राहिला. घर होते, शेत होते, वृद्ध आईबाप होते. त्याने तेथेच राहावे असे पुष्कळांनी सांगितले. त्याने आपल्या बिशपाची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि एप्रिल १९८१ मध्ये, पुनरुत्थानाच्या सणापूर्वी, तो आतित्लानास परत गेला.

त्याने हे बरोबर केले काय? त्याच्या विरुद्ध बाजूने जे बोलता येईल ते प्रथम न्यायाने बोलले पाहिजे.

पहिली गोष्ट, एका गावी छळ झाला तर दुसऱ्या गावी पळावे असे प्रभूनेच शिष्यांस सांगितले आहे (मत्तय १०:२३). पौलास दिमिष्कात टोपलीत बसवून कोटावरून खाली सोडण्यात आले, आणि त्याने ते नाकारले नाही. दुसरी, जिवंत पाळक मेलेल्या पाळकापेक्षा मंडळीच्या अधिक उपयोगी पडतो. तिसरी, ज्याच्यावर सैन्याचा डोळा आहे तो ज्या घरात राहतो त्या घरातील इतरांवरही संकट आणितो. चौथी गोष्ट सर्वांत सूक्ष्म आहे. हुतात्मा होण्याची हौस हाही एक गर्वच असून, तो भक्तीचा वेष घेऊन येतो.

ही चारही बोलणी वजनदार आहेत. शेजारच्या किचे धर्मप्रांतात धर्मगुरू मारले गेल्यावर बिशप हुआन हेरार्दी ह्यांनी १९८० साली आपल्या सर्व धर्मगुरूंस बाहेर काढून तो धर्मप्रांत काही काळ बंद केला. त्यांस भित्रे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. कारण हेच हेरार्दी पुढे यादवीतील अत्याचारांची साक्ष गोळा करून प्रसिद्ध करविते झाले, आणि ती प्रसिद्ध झाल्यावर दोनच दिवसांनी, २६ एप्रिल १९९८ रोजी, त्यांचा खून झाला. तेव्हा निघून जाणे म्हणजे पाप, असा नियम आम्ही करीत नाही. रॉदरही एकदा निघून गेलाच होता.

मग भेद कशात आहे? योहानाच्या दहाव्या अध्यायात प्रभूने मेंढपाळ व मोलकरी ह्यांची तुलना केली आहे. मोलकऱ्यास लांडगा दिसतो व तो पळतो. का, तर मेंढरे त्याची नाहीत, त्यास त्यांची काळजी नाही. प्रभूने येथे पळणाऱ्याचे पाय मोजले नाहीत, त्याचे मन उघडे केले आहे. ज्या टोपलीने पौल निसटला ती टोपली धरणारे त्याचे शिष्यच होते. मंडळीनेच त्यास बाहेर काढले, तो मंडळीस टाकून गेला नाही. आणि हाच पौल पुढे, बेड्या वाट पाहत आहेत असे सांगितले जात असताही, यरुशलेमेस गेला (प्रेषितांची कृत्ये २१).

रॉदरच्या कृतीस हे माप लावून पाहा. जानेवारीत तो बाहेर पडला तेव्हा त्याचा माया सहकारीही त्याच्याबरोबर बाहेर पडला. परदेशी माणसास जी वाट होती ती ह्या देशी माणसाच्याही कामास आली. पण गावातील सारे उपदेशक, सारी विधवा-मुले ह्यांस त्या वाटेने नेता येत नव्हते. मागे उरलेल्यांत तो परत गेला. त्यास मरणाची हौस असती तर तो मुळीच निघाला नसता. ज्यांस जाता येत नाही त्यांच्याशी आपला संबंध काय, एवढाच प्रश्न त्याने स्वतःस विचारला असे दिसते. लांडगा आला असता आपण सुरक्षित जागी बसून त्यांच्याकरिता वर्गणी गोळा करीत राहावे, हे त्याच्या मनास पटले नाही.

आमचे मत असे आहे: परतीची वाट ही साह्यकर्त्याची खासगी मालमत्ता नाही. ज्या मंडळीने त्यास पाठविले तिने ती दिली आहे, आणि ज्यांच्याकडे त्यास पाठविले त्यांचाही तीत भाग आहे. तिचा उपयोग त्याने प्रथम, ज्यांस वाट नाही अशांपैकी जितक्यांस बाहेर काढता येईल तितक्यांकरिता करावा. स्वतःकरिता करावयाचा तर मंडळीच्या संमतीने करावा. आणि आपल्या जाण्याने मागच्यांस ‘आम्ही टाकलेले आहो’ असे वाटणार असेल, तर त्याने फार विचार करावा; कारण टाकलेपणाची भावना ही उपासमारीइतकीच माणसास मारते.

२८ जुलै १९८१ च्या रात्री तोंडे झाकलेले तिघे शस्त्रधारी निवासात शिरले. आपणास जिवंत पळवून नेऊ देणार नाही असे तो आधीच सांगून होता; कारण नेलेल्या माणसाचे हाल करून त्याच्या तोंडून इतरांची नावे काढीत. तो झगडला, आणि तेथेच त्यास गोळ्या घालण्यात आल्या. त्याचे वय ४६ होते. शव ओक्लाहोमास नेण्यात आले. परंतु गावकऱ्यांनी मागितले म्हणून त्याचे हृदय आतित्लानच्या मंदिरातच ठेवण्यात आले. अवशेषांस मान देण्याची रीत आम्हांस मान्य नाही, हे वर सांगितलेच आहे. पण त्या लोकांच्या मागण्यातील अर्थ आम्हांस समजतो. ओक्लाहोमाच्या मंडळीने बरेच काही पाठविले होते. गावाने त्यातून काय आपले म्हणून ठेवून घेतले ते पाहा.

आता उपदेशक बंधूंनो, एक गोष्ट तुमच्याकरिता. परदेशी धर्मगुरू मेला तेव्हा जगभर बातमी झाली. २०१७ साली त्याच्या पंथाने त्यास धन्यवादित म्हणून जाहीर केले. पण त्याच्या आधी व नंतर त्या गावचे जे उपदेशक, शेतकरी व बाया मेल्या त्यांची नावे ओक्लाहोमातही थोड्यांसच ठाऊक असतील. त्यांचे मरण हलके होते काय? रॉदरला निवड करता आली. त्यांना करता आली नाही, असे म्हणावेसे वाटते. पण तेही पूर्ण खरे नाही. उपदेशाचे काम सोडून देण्याची, प्रार्थनेस न जाण्याची, पुस्तक पुरून टाकण्याची वाट त्यांस मोकळी होती, आणि कित्येकांनी ती घेतली नाही. किचे प्रांतात धर्मगुरू निघून गेल्यावरही मंडळी चालविली ती ह्याच माणसांनी. २०२१ साली त्या प्रांतातील दहा हुतात्म्यांस रोमन मंडळीने मान दिला. त्यांत तीन स्पॅनिश धर्मगुरू, आणि सात जण तेथील साधे विश्वासणारे होते. एक तर बारा वर्षांचा मुलगा होता. जे काम मोठ्या पाळकावाचून चालणार नाही असे आपण समजतो, ते देव पुष्कळदा अशाच हातांनी चालवितो. ज्याचे नाव मिशनच्या अहवालात कधी छापले गेले नाही अशा उपदेशकाने हे मनात धरावे.

आणि येथे एक कडू घोट आम्हां प्रॉटेस्टंटांसही घेतला पाहिजे. रॉदर मेल्यावर काही महिन्यांनी, मार्च १९८२ मध्ये, ग्वाटेमालाची सत्ता एफ्राइन रिओस मोंत ह्या सेनापतीच्या हाती आली. हा मनुष्य रोमन कॅथलिक नव्हता. तो एका प्रॉटेस्टंट सुवार्तिक मंडळीचा सभासद होता, आणि दर रविवारी चित्रवाणीवरून राष्ट्रास नीतीचा उपदेश करी. त्याच्या दीड वर्षाच्या अमलात माया लोकांची अत्यंत भयंकर कत्तल झाली. २०१३ साली तेथील न्यायालयाने त्यास वंशसंहाराबद्दल दोषी ठरविले. दहा दिवसांनी वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल रद्द केला. पुढील चौकशी पुरी होण्याआधीच २०१८ साली तो मेला. परदेशातील कित्येक भाविकांनी, तो आपल्या पंथाचा म्हणून, त्या काळी त्याची पाठ राखली. पंथाचे नाव पाहून शेजारी ओळखू गेले म्हणजे असे होते. म्हणूनच शोमरोन्याचा दाखला प्रत्येक पिढीने पुन्हा वाचावा लागतो.

पुढे त्या मिशनचे काय झाले? ओक्लाहोमाने हात आखडला नाही. काही वर्षांनी तेथून दुसरा धर्मगुरू त्याच गावी गेला. २ डिसेंबर १९९० रोजी सैनिकांनी निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडून बारांहून अधिक गावकऱ्यांस ठार केले. ह्या वेळी मात्र गाव दबले नाही. सैन्याने येथून जावे अशी मागणी साऱ्या गावाने सही-अंगठ्यानिशी केली, आणि थोड्याच दिवसांत सैन्यास तो तळ उठवावा लागला. मिशनने उभारलेला दवाखाना त्या धामधुमीत बंद पडला होता. गावकऱ्यांच्याच पुढाकाराने तो २००५ साली पुन्हा सुरू झाला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात वादळी पावसाने डोंगराचा चिखल खाली येऊन वस्ती गाडली गेली व दवाखानाही उद्ध्वस्त झाला. तरी लोकांनी काही दिवसांतच दुसऱ्या जागी काम सुरू केले. मंडळीचा कारभार कालांतराने त्या देशाच्याच धर्मगुरूंच्या हाती आला. साह्याची खरी परीक्षा अशी होते. देणारा तेथे असताना काय उभे राहिले हे कोणीही मोजील. तो नसताना काय उभे राहिले, हे विचारले पाहिजे.

देणाऱ्या मंडळीसही काही मिळाले. रॉदरच्या नावाचे एक मोठे मंदिर ओक्लाहोमा शहरात २०२३ साली खुले झाले. दक्षिणेकडील देशांतून मजुरीस आलेली स्पॅनिश बोलणारी हजारो कुटुंबे आता त्या शहरात आहेत. ज्या मंडळीने आपला शेतकऱ्याचा मुलगा एका गरीब गावास दिला, तिच्या दाराशी आज गरीब गावांचे लोक येऊन उभे आहेत, आणि त्यांस परके म्हणणे तिला अवघड जाते.

आता आपल्या घरी या. १८१३ साली अमेरिकेच्या मंडळीचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मुंबईस उतरले. हॉल तेरा वर्षे राहिले आणि १८२६ साली सुवार्तेच्या फेरीवर असता पटकीच्या रोगाने मरण पावले. त्यांसही परतीची वाट होती. पुढे शंभर वर्षांनी, १९१७ साली, रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. परदेशी द्रव्यावर नांदणारी मंडळी आपल्या देशबांधवांस आपली वाटत नाही, हे त्यांस सलत होते. हॉल आणि टिळक ह्यांच्या कृती एकमेकींच्या उलट दिसतात. आम्हांस तसे वाटत नाही. एकाने दुरून येऊन आपले जीवन ह्या मातीत मिळविले. दुसऱ्याने ह्या मातीच्या माणसास आपल्या पायांवर उभे राहा असे सांगितले. पहिले झाले नसते तर दुसऱ्यास अर्थ नव्हता. दुसरे झाले नसते तर पहिले अपुरे राहिले असते.

आपल्या शेतकऱ्यांत सावड म्हणून एक रीत आहे. आज तुम्ही माझ्या पेरणीस येता, उद्या मी तुमच्या पेरणीस येतो. ज्याच्याकडे बैल आहे तो बैल आणितो, ज्याच्याकडे नाही तो हातपाय आणितो. येथे कोणी दाता नाही व कोणी भिकारी नाही; शेत मात्र दोघांचेही पेरले जाते. पौलाने करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात हेच शिकविले आहे. यरुशलेमेच्या मंडळीपासून परराष्ट्रीयांस सुवार्ता मिळाली. यरुशलेमेच्या मंडळीतील गरिबांकरिता त्याच परराष्ट्रीय मंडळ्यांनी वर्गणी केली. आणि त्यांत पुढे कोण होते? मासेदोनियाच्या मंडळ्या, ज्या स्वतः अत्यंत दरिद्री होत्या. मंडळ्यांमधील साह्य सावडीसारखे असावे.

‘आम्ही गरीब, आम्ही कोणास काय साह्य करावे?’ असे कोणी म्हणेल. ओक्लाहोमाच्या लोकांनी जे अखेर दिले ते त्यांच्या पेटीतले नव्हते. तुमच्या गावातील कुटुंबे ऊसतोडीस गेली म्हणजे मागे म्हातारी माणसे व शाळेची मुले राहतात; त्यांच्याकडे रोज जाऊन येणारा कोणी हवा. शेजारच्या वाडीत दोनच ख्रिस्ती घरे असतील. त्यांच्या मयतीस तुमची मंडळी चालत गेली पाहिजे. गावात तंटा होऊन एखाद्या दुबळ्या कुटुंबावर बहिष्कार पडला, तर ते कोणत्या पंथाचे किंवा जातीचे हे न विचारता त्यांच्या ओट्यावर दिवसाउजेडी जाऊन बसणारा एक माणूस हवा. त्या ओट्यावर बसण्यास पैसा लागत नाही. पण त्यानंतर आपल्याही दाराशी कोणी येणार नाही, ही भीती गिळावी लागते. साह्य करणाऱ्याने कोठवर जावे, हा प्रश्न असा आपल्या गल्लीपर्यंत येतो.

म्हणून दान देणाऱ्या व दान घेणाऱ्या दोघांसही आमची विनंती आहे. तुम्ही देत असाल, तर तुमच्या देण्यात तुमची किती माणसे, किती वेळ व किती धोका गेला आहे हे एकदा मोजून पाहा. तुम्ही घेत असाल, तर ह्या वर्षी ज्याच्याकडे तुमच्याहूनही कमी आहे असा कोण, हे शोधून त्याच्या पेरणीस जा. आणि ज्या उपदेशकास वाटते की, आपल्या एकट्याच्या राहण्याने काय होणार, त्याने सरोवराकाठच्या त्या गावची आठवण करावी. ज्या प्रभूने स्वर्ग हे घर असता आपल्यामध्ये वस्ती केली, व जाण्याची वाट असता जो वधस्तंभापर्यंत राहिला, तो आपणां सर्वांस जेथे ठेविले आहे तेथे स्थिर राहण्याची कृपा देवो. आमेन.